विकिपीडियावरच्या पक्षी-प्राणी-झाडांच्या लेखांसाठीचं ऑटो एडिट टूल: नवीन व्हर्जन कसं आहे

मराठी विकिपीडियावर पक्षी, झाडं, फुलपाखरं, मासे असल्या लेखांवर नियमित काम करणारी माणसं तशी कमीच, त्यातली मी एक. आमच्या पक्षीवाल्या ग्रुपमधल्या डोंबिवलीच्या एका मुलाने ह्या लेखांसाठी एक ऑटोमॅटिक एडिटिंग टूल बनवलंय, त्याचं नवीन व्हर्जन आलं तेव्हापासून मी रोजच्या कामाला तेच वापरतेय, आणि बरेच जण विचारतात की वापरावं का, लेखांची वाट तर नाही ना लावणार, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते. टूल फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, आत पायविकीबॉट नावाचा, विकिपीडियावर आपोआप बदल करणारा तयार प्रोग्राम आहे, लॉगिन आपल्याच विकिपीडियाच्या खात्याने करायचं. अजून त्याला धड नाव पण नाहीये, आम्ही नुसतं टूल म्हणतो.

काम काय करतं तर तुम्ही लेखांची यादी द्यायची किंवा एखादा वर्ग द्यायचा, मग ते प्रत्येक लेखातली जीवचौकट, म्हणजे बाजूचा माहितीचा तक्ता, उघडतं, विकिडेटा ह्या विकिपीडियाच्या माहितीसाठ्यावरून शास्त्रीय नाव, कुळ, गण, आययूसीएनचा दर्जा (ती जात किती धोक्यात आहे तो), फोटो वगैरे आणतं आणि लेखात काय लिहिलंय त्याच्याशी ताडून बघतं. डावीकडे जुनं, उजवीकडे नवीन, प्रत्येक ओळीपुढे हो-नाही. तुम्ही हो म्हटलेल्याच ओळी बदलतात, आणि जतन तुम्ही दाबल्यावरच होतं.

जुनं व्हर्जन वापरून वैतागून सोडून दिलेल्यांनी हे परत बघाच असं माझं म्हणणं आहे. फरक एकाच गोष्टीचा आहे पण फार मोठा आहे. जुन्याला काही कळलं नाही की ते अंदाजाने ठोकून द्यायचं, नव्याला कळलं नाही की ते थांबतं आणि विचारतं. लेख माणसं वाचतात, शाळेतली पोरं प्रोजेक्टला तिथूनच उतरवून घेतात, त्यामुळे चुकीची माहिती भरण्यापेक्षा रकाना रिकामा राहिलेला केव्हाही परवडतो, आणि हे ज्या टूलला समजतं तेच मला हवंय.

वडाचंच उदाहरण घ्या. वड, पिंपळ, उंबर हे सगळे शास्त्रीय नावाने फायकस. पण फायकस नावाचा समुद्री गोगलगायींचा सुद्धा एक गट आहे, आणि त्यात कोणाची चूक नाही, कारण वनस्पतींना नावं द्यायचे नियम वेगळे आणि प्राण्यांचे वेगळे, दोन्हीकडे एकेकदा तेच नाव चालतं. मोरस म्हणजे तुती आणि मोरस म्हणजे गॅनेट हा समुद्रपक्षी पण. ओएनांथे हा पक्षी पण आहे आणि गाजराच्या कुळातली वनस्पती पण. जुनं टूल काय करायचं, नाव शोधायचं आणि जो पहिला रिझल्ट येईल तो उचलायचं, मग उंबराच्या जीवचौकटीत सृष्टी प्राणी, संघ मृदुकाय असं जाऊन बसायचं, आणि एकदा बसलं की कोणाच्या लक्षात येईपर्यंत ते तसंच. लेखाच्या मजकुरात पान, फळ, खोड असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं आणि बाजूच्या चौकटीत गोगलगाय. नवीन व्हर्जन आधी लेख कुठल्या सृष्टीतला आहे ते ठरवतं आणि मगच नाव जुळवतं, आणि तरीही दोन पर्याय उरले तर दोन्ही समोर ठेवतं, कुठला ते सांगा म्हणतं. एवढ्या एका सुधारणेसाठी मी त्या मुलाला शंभर मार्क देईन.

आता कंसाचा मुद्दा, हा बऱ्याच जणांना बारीकसा वाटेल पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शास्त्रीय नावापुढे नाव देणाऱ्याचं नाव आणि वर्ष असतं ना, ते कधी कंसात असतं आणि कधी नसतं, आणि ते मनाला येईल तसं नसतं. बिबट्याला लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलं तेव्हा त्याला फेलिस ह्या गटात टाकलं होतं, नंतर तो पँथेरा गटात गेला, म्हणून पँथेरा पार्डस पुढे (लिनियस, १७५८) असं कंसात येतं. आपला नेहमीचा कावळा, कॉर्व्हस स्प्लेन्डेन्स, त्याला व्हियेयोने १८१७ मध्ये नाव दिलं ते कॉर्व्हसमध्येच, तो अजून तिथेच आहे, म्हणून व्हियेयो, १८१७, कंस नाही. म्हणजे त्या दोन वळणदार रेघांत त्या प्राण्याच्या वर्गीकरणाचा इतिहास असतो. जुन्या व्हर्जनला कंस म्हणजे कचरा वाटायचा, ते सरसकट साफ करायचं. आमच्या ग्रुपमध्ये बॉटनीच्या रिटायर्ड मॅडम आहेत, त्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लगेच मला फोन, "अगं, ह्या सगळ्यांचे कंस कुठे गेले? कंस काढलास की नाव कधी हललंच नाही असा अर्थ होतो, हे त्या मुलाला कोणीतरी सांगा." मी त्याला तसंच कळवलं, तर तो म्हणाला, "ताई, मला वाटलं ते फॉरमॅटिंग आहे." मग मॅडमनी त्याला बसवून समजावलं. वनस्पतींचं तर अजून वेगळं, तिथे कंसात पहिल्याचं नाव आणि कंसाबाहेर ज्याने हलवलं त्याचं नाव पण लिहितात, जसं तिवर ह्या खारफुटीच्या झाडाला ॲव्हिसेनिया मरीना (फॉर्स्क.) व्हिएर्ह. असं, तर प्राण्यांत तो दुसरा माणूस लिहायची पद्धत नाही. आता टूलमध्ये दोन्हीचे नियम वेगवेगळे ठेवलेत आणि मी आत्तापर्यंत जेवढे लेख तपासले त्यात एकही कंस इकडचा तिकडे झालेला दिसला नाही.

तिवराचा विषय निघालाच आहे तर कुळांचं पण सांगते. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत तिवर आणि साग दोन्ही व्हर्बिनेसीत आहेत, आणि मराठीतले बरेचसे वनस्पतींचे लेख त्या पुस्तकांवरूनच लिहिले गेलेत. नंतर डीएनएवरून वर्गीकरण बदललं, तिवर ॲकँथेसीत गेला आणि साग तुळशीच्या लॅमिएसीत. टूल चौकटीतलं कुळ बदलायला सुचवतं ते ठीकच, पण लेखाच्या मजकुरात जिथे जिथे जुनं कुळ लिहिलंय तिथे नुसता पिवळा रंग देऊन दाखवतं, स्वतः हात लावत नाही. हे अगदी बरोबर केलंय. कारण काही ठिकाणी ते वाक्य इतिहास सांगणारं असतं, "पूर्वी हे झाड अमुक कुळात धरत" असं, तिथे शोधा-आणि-बदला केलं की वाक्याचा अर्थच जातो.

मराठीपुरता खास असा एक घोळ होता, पांढऱ्यातल्या ऱ्याचा. हा ऱ्या कॉम्प्युटरवर दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ घेऊन, आणि दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. आता बऱ्याच एडिटिंग टूल्सना न दिसणारी चिन्हं दिसली की ती झाडून काढायची सवय असते, कारण इंग्रजीत त्यांचा काही उपयोग नसतो. इथे ते काढलं की पांढऱ्या पाठीचं गिधाड एकदम पांढर्या पाठीचं होतं, रफार उडून य वर जातो, आणि हे लेखाच्या शीर्षकात किंवा लिंकमध्ये झालं तर लिंकच तुटते, लाल दिसायला लागते. शिवाय एका प्रकारे टाइप केलेलं नाव दुसऱ्या प्रकारे शोधलं तर सापडत नाही, मग लोक तोच लेख परत तयार करतात. नव्या व्हर्जनमध्ये ते चिन्ह काढणं बंद केलंय, आणि सगळे ऱ्या एकाच प्रकारात आणून दुसऱ्या प्रकारच्या शीर्षकाला पुनर्निर्देशन करायचं का, म्हणजे त्या नावाने आलेल्याला इकडे वळवायचं का, असं विचारतं. मराठी लिहिणाऱ्या माणसाने बनवल्याचा फायदा हा.

आकड्यांचं पण तसंच आहे थोडं. मराठी विकिपीडियावर आकडे देवनागरी हवेत म्हणून जुनं टूल दिसेल तो आकडा बदलायचं, मग फोटोच्या फाइलच्या नावातला आकडा पण बदलायचा आणि फोटो गायब. ते आता सुधारलंय.

आता ज्या गोष्टीवर माझा जीव जळतो ती. टूलमध्ये अजूनही "परिचय परिच्छेद तयार करा" असं एक बटण आहे आणि ते बाय डिफॉल्ट चालू आहे. ते चालू असलं की विकिडेटावरच्या माहितीवरून दोन वाक्यं जोडून देतं, अमुक ही तमुक कुळातली जाती आहे, ती ह्या ह्या देशांत आढळते. आणि ते मराठी म्हणजे श्रीलंकामध्ये, आफ्रिकामध्ये, हा वनस्पती, ही पक्षी. अरे, आपण श्रीलंकेत म्हणतो, आफ्रिकेत म्हणतो, भारतात म्हणतो आणि नेपाळमध्ये म्हणतो, प्रत्येकाचं वेगळं, आणि देश म्हणजे दोनशेच्या आसपास, एकदा बसून एक तक्ता करून टाकला की कायमचं काम संपलं, तो तक्ता करायला आमच्यातली कोणीही मदत करेल, मी स्वतः करून देते असं त्याला सांगितलंय. पण तक्ता झाला तरी सुद्धा ते बटण मला नकोच आहे. व्याकरण सुधारलं म्हणून त्या दोन वाक्यांत काही माहिती येणारे का, चौकटीत जे लिहिलंय तेच परत लिहिणार.

हे कुठपर्यंत जाऊ शकतं ते बघायचं असेल तर सेबुआनो विकिपीडिया बघा. फिलिपिन्समधली भाषा, तिथे साठ लाखांच्या वर लेख आहेत, आणि त्यातले बहुतेक सगळे स्व्हेर्कर योहानसन ह्या स्वीडिश माणसाच्या एलएसजेबॉट नावाच्या बॉटने तयार केलेले, त्यात प्राणी-वनस्पतींचे ढिगाने. आकड्याने तो विकिपीडिया इंग्रजीच्या खालोखाल येतो. त्या माणसाच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे, पण सेबुआनो बोलणाऱ्या माणसाने त्याच्या गावातल्या झाडाचा लेख उघडला तर त्याला काय मिळतं, तर दोन-चार ओळी, ज्या कुठल्याही झाडाला लावल्या तरी चालतील. मराठीत तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. तामण आपलं राज्यफूल, मुंबईत एप्रिल-मे मध्ये रस्त्याच्या कडेची तामणं जांभळी होऊन जातात, लोक खाली थांबून फोटो काढतात, आणि नाव माहीत नसतं म्हणून मोबाइलवर शोधतात. त्यांना लेखात फुलोरा कसा येतो, फळ कसं असतं, कुठे लावलेलं दिसतं हे वाचायला मिळायला पाहिजे, आणि ते झाड बघितलेल्या माणसानेच लिहायला पाहिजे. नव्या व्हर्जनमधून "नवीन लेख तयार करा" काढून टाकलंय ही चांगलीच गोष्ट, आता परिचयवालं पण काढा.

आढळाची माहिती भरताना अजून एक जपायला हवं. टूल आढळासाठी लोकांनी अपलोड केलेल्या नोंदी पण वाचतं, आणि राणीच्या बागेत २०१६ पासून हम्बोल्ट पेंग्विन आहेत, लोक तिथे जाऊन फोटो काढतात आणि नोंद टाकतात. ही नोंद बंदिस्त प्राण्याची आहे अशी खूण केलेली नसली की टूलच्या हिशोबाने पेंग्विन मुंबईचा रहिवासी. मला चाचणीच्या वेळी त्याने पेंग्विनला महाराष्ट्रातील पक्षी ह्या वर्गात टाकायचं सुचवलं होतं. हो-नाही असल्यामुळे ते तिथेच थांबलं, पण दीडशे ओळी भराभर हो करत जाणारा कोणी असेल तर हे निसटणार. माझं सुचवणं एवढंच की आढळ आणि त्यावरून ठरणारे वर्ग ह्या ओळींना "सगळ्यांना हो" लागूच होऊ नये, त्या एकेक करूनच बघायला लागाव्यात.

आययूसीएनच्या दर्जाचं काम मात्र एक नंबर आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड जवळजवळ नामशेष झालं असं धरत होते, मग १९९७ मध्ये नंदुरबारमधल्या शहाद्याजवळ तो परत सापडला, पुढे इथे तानशाच्या जंगलात पण दिसला, आणि २०१८ मध्ये त्याचा दर्जा अतिसंकटग्रस्तवरून एक पायरी खाली आला. बिबट्या २०१६ मध्ये असुरक्षितमध्ये गेला. मराठीतल्या लेखांत जुनेच दर्जे पडून होते, टूलने यादीच काढून दिली, आणि दर्जासोबत मूल्यांकनाचं वर्ष पण लिहितं, त्यामुळे माहिती कधीची आहे हे वाचणाऱ्याला कळतं. रानपिंगळ्याचं शास्त्रीय नाव मात्र काही याद्या अथीनी म्हणतात आणि काही हेटेरोग्लॉक्स, तिथे टूल दोन्ही दाखवून थांबतं आणि कुठली यादी धरायची ते आपल्याला ठरवायला लावतं, हे पण योग्यच.

फक्त चिमणीच्या बाबतीत वाद झाला आमच्यात. कोणीतरी लेखात चिमणी संकटग्रस्त असं लिहून ठेवलं होतं, टूलने ते काढून "चिंता नाही" असं सुचवलं, मी हो केलं, तर दुसऱ्या दिवशी एका काकांनी ते उलटवलं. त्यांचं म्हणणं, गिरगावात आमच्या चाळीत चिमण्या होत्या, आता नाहीत, मग चिंता नाही कसं? त्यांचं दुःख खरं आहे. पण चौकटीतला दर्जा जगभराचा असतो. २०२० च्या स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स अहवालात पण हेच आलंय की देशभरात चिमणी साधारण स्थिर आहे, मोठ्या शहरांत कमी झालीये. म्हटलं, काका, चौकट जगाची राहू दे, मुंबईचं आपण मजकुरात वेगळा परिच्छेद करून लिहू, संदर्भ देऊन. त्यांनी तो परिच्छेद स्वतः लिहिला आणि छान लिहिलाय. टूलने तिथे जर "हा दर्जा जागतिक आहे" अशी एक ओळ दाखवली तर असले वाद होणारच नाहीत.

फोटोंबद्दल एक उपयोगाचं सांगते. टूल फक्त कॉमन्सवरचे (विकिपीडियाच्या मोफत फोटोंच्या साठ्यावरचे) फोटो सुचवतं, आणि मुंबईच्या खाडीतल्या, आरेतल्या, बोरिवली नॅशनल पार्कमधल्या कितीतरी जातींचे अप्रतिम फोटो आयनॅचरलिस्ट ह्या निसर्गनोंदींच्या साइटवर असून कॉमन्सवर नाहीत. कारण आयनॅचरलिस्टवर खातं उघडलं की लायसन्स आपोआप नॉन-कमर्शियलवालं (धंद्यासाठी वापरता येणार नाही असं) लागतं आणि कॉमन्सला ते चालत नाही. सेटिंगमध्ये जाऊन सीसी-बाय किंवा सीसी-बाय-एसए हे मोकळं लायसन्स केलं की झालं. ज्यांना आपले फोटो मराठी लेखांत यावेत असं वाटतं त्यांनी हे आजच करा.

वापरायला कसं आहे म्हणाल तर लॅपटॉपवर छान, मोबाइलवर त्रास. डावी-उजवी बाजू मोबाइलवर एकाखाली एक येते आणि हो-नाही नक्की कुठल्या ओळीचं ते कळत नाही. मी लोकलमध्ये बसून करायचा प्रयत्न करते कधीकधी, मध्येच रेंज गेली की केलेली सगळी निवड पुसली जाते, परत पहिल्यापासून. मसुदा आपोआप सेव्ह व्हायला हवा, हे मी त्याला आधीच कळवलंय. दोन जतनांमध्ये टूल दहा सेकंद थांबतं, त्याबद्दल लोक तक्रार करतात, पण ते मुद्दाम आहे, सर्व्हरवर ताण येऊ नये म्हणून पायविकीबॉटमध्येच तसं ठेवलेलं असतं, आणि मला तर तो वेळ पुढचा लेख वाचायला मिळतो.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे पूर्ण बॅच मागे घ्यायची सोय नाही. विकिडेटावर एडिटग्रुप्स आहे, एका गटात केलेले सगळे बदल एकदम उलटवता येतात, इथे एकेका लेखाच्या इतिहासात जाऊन उलटवावं लागतं. चाळीस लेखांत एकच चूक गेली की अर्धा दिवस गेला. हे येत नाही तोपर्यंत मी पाचपैकी चारच्या वर स्टार देणार नाही, आणि नवीन सदस्यांनी मोठ्या याद्या लावूच नयेत. आधी आठ-दहा लेख घ्या, तेही आपण स्वतः बघितलेल्या जातींचे, म्हणजे चूक असली तर डोळ्याला खटकते.

मी आता खारफुटीची यादी लावलीये, पांढरी चिपी २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली तरी तिच्याबद्दल मराठीत वाचण्यासारखं फार थोडं आहे. चौकटी टूल भरेल, मजकुरासाठी मॅडम आणि मी भरतीचं टाइमटेबल बघून ऐरोलीला जाणार आहोत, ज्यांना लिहायला यायचंय त्यांनी सांगा.